माफीपत्राशिवाय पुनरागमन : गोव्यातल्या एका फुटबॉलपटूचं प्रकरण

डिचोली तालुक्यातला एक फुटबॉलपटू, गोव्याच्या वरच्या लीगमध्ये करारावर खेळणारा. बायकोला मारहाण केल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा नोंद झाला. काही महिन्यांनी नवा मोसम तोंडावर आला तेव्हा क्लबसमोर प्रश्न उभा राहिला, याला परत घ्यायचं की नाही? मी त्या क्लबच्या कार्यकारिणीवर आहे. हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवते, आणि तो तिथे माझा विद्यार्थी होता. क्लबचं, गावाचं, माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्याच्या बायकोने हा मजकूर छापण्याआधी वाचला आणि तिला नको होता तो भाग मी काढला.

अशी प्रकरणं क्लबांमध्ये नवीन नाहीत. ती मिटतात कशी, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या, त्या फाइलीला लावायच्या आणि पोराला मैदानात उतरवायचं. खेळाडूला दुसरी संधी मिळावी की नाही यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात, पण त्या संधीची किंमत कोण मोजतं याकडे कुणी बघत नाही. आमच्या क्लबमध्ये या वेळी ते बघणं भाग पडलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घर आणि पगार

आमचा भाग खाणींचा. २०१२ साली खाणकाम थांबलं, मध्ये पुन्हा थोडं सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा ठप्प झालं. या मुलाच्या वडिलांचा टिपर तेव्हापासून घरामागे उभा आहे. बँकेचे हप्ते फिटले ते पोराच्या फुटबॉलवर. डाव्या पायाचा विंगर, वेगाने धावणारा, चेंडू पायाला चिकटलेला. आठवीत असताना तो आंतरशालेय सामन्यात अनवाणी खेळायचा, कारण बूट चावायचे.

दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत वाड्यावाड्यावर फुटबॉलपटू सापडतो. आमच्याकडे जास्त वेड क्रिकेटचं आणि जत्रेतल्या नाटकांचं. त्यामुळे आमच्यातला एक पोरगा फातोर्ड्याला आणि धुळेरच्या मैदानावर खेळतो, पेपरात त्याचा फोटो येतो, ही गावाला मोठी गोष्ट वाटते. जत्रेला तो नाटकाआधी स्टेजवर नारळ घेऊन उभा असतो. शाळेच्या क्रीडादिनाला प्रमुख पाहुणा म्हणून त्यालाच बोलावतात. हे सांगायचं कारण असं की तो नुसता नोकरदार नव्हता. गावाने त्याच्यावर आपली इज्जत ठेवली होती, आणि त्याच इज्जतीचं ओझं पुढे त्याच्या बायकोच्या डोक्यावर आलं.

ती पेडण्याकडची, बी. कॉम. झालेली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मुलगी तीन वर्षांची. माहेरच्यांनी स्थळ पसंत केलं तेही 'पगारी खेळाडू' म्हणूनच.

मारहाण

गेल्या मोसमाच्या शेवटाकडे एका रात्री त्याने तिच्या कानाखाली मारली. एकदा नव्हे, अनेकदा. सकाळी तिचा भाऊ पेडण्याहून आला आणि तिला म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात घेऊन गेला. तिथून बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कान-नाक-घसा विभागात पाठवलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. उघड्या हाताचा फटका नेमका कानावर बसला की असं होतं. बाहेरून गालावर थोडी सूज दिसते, बाकी काही नाही. त्याआधीही एकदा तिच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. तेव्हा आरोग्य केंद्रात तिने 'न्हाणीघरात पडले' असं सांगितलं होतं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं होतं.

या वेळी तिने खरं सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ (नवऱ्याकडून छळ) आणि ११५(२) (दुखापत करणं) खाली गुन्हा नोंद झाला. (१ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू झाली, सगळ्यांच्या तोंडी असलेलं जुनं ४९८-अ आता ८५ आणि ८६ मध्ये आलं आहे.) त्याला अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. पुढच्या सामन्याच्या संघात त्याचं नाव नव्हतं. पत्रकारांना क्लबकडून सांगण्यात आलं की त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला आहे. हे ठरवताना कार्यकारिणीला विचारलं नव्हतं. मोसम संपेपर्यंत तो 'जखमी' राहिला.

क्लबमध्ये लगेच एक खुलासा फिरू लागला. त्या दिवशी सामना हरलो होतो, त्याने पेनल्टी घालवली होती, पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. प्रशिक्षकही मनापासून तसंच समजत होते. मी तिला भेटले तेव्हा हे तिच्या कानावर आलेलंच होतं. ती म्हणाली, "बाई, जिंकले तेव्हाही मारलंय. हात पिरगळला त्या दिवशी तर ह्यांनीच गोल केला होता."

एवढं ऐकल्यावर मैदानावरच्या ताणाचा मुद्दा माझ्यापुरता तिथेच संपला. ताण सगळ्यांनाच असतो. पेनल्टी घालवून तो प्रशिक्षकावर कधी धावून गेला नव्हता, रेफ्रीवर हात उगारला नव्हता, त्याच्या नावावर लाल कार्डंही फारशी नव्हती. हात कुठे आवरायचा हे त्याला पक्कं कळत होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के जणींनी. म्हणजे इस्पितळात खरं कारण सांगणारी बाई ही मुळातच थोड्या जणींपैकी एक असते. तिच्यानंतर येऊ शकतील अशा बाकीच्या जणी तिचं पुढे काय होतं ते बघत असतात. आमच्या क्लबमध्येच लग्न झालेले खेळाडू कितीतरी आहेत.

पत्र

ती मुलीला घेऊन माहेरी गेली. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली तिने पेडण्याच्या कोर्टात अर्ज केला. बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही हा अर्ज करता येतो. कोर्टाने अंतरिम संरक्षण आदेश दिला, तिला आणि मुलीला दरमहा ठरावीक रक्कम द्यायला सांगितली. दोन महिने पैसे वेळेवर आले, नंतर रखडू लागले.

मग खेळाडूंच्या नोंदणीची तारीख जवळ आली, आणि तिच्या दारात माणसांची ये-जा सुरू झाली. आधी सासू आली, नातीसाठी फ्रॉक घेऊन. मग गावच्या देवस्थान समितीवरचे एक गृहस्थ. मग तिचाच मामा. प्रत्येकाचं बोलणं गोड, एकही धमकी नाही. संसार आहे, भांड्याला भांडं लागायचंच, पोरगी मोठी होते आहे, त्याचं करिअर पाच-सहा वर्षांचं, ते तुझ्या हातात आहे. शेवटी क्लबशी संबंधित एक जण एक कागद घेऊन आला.

तो कागद घेऊन ती शाळेत आली, म्हणून मला बघायला मिळाला. साधा ए-फोर, झेरॉक्सच्या दुकानात टाइप केलेला. 'आमच्यामधील किरकोळ गैरसमज दूर झाला असून माझ्या पतीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही. रागाच्या भरात माझ्याकडून घडलेल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे. त्यांना खेळण्यास परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.' खाली तिचं नाव आणि सहीसाठी रेघ. तारीख पुढच्या सोमवारची, आधीच छापलेली.

कान तिचा फाटला होता आणि दिलगिरीही तिचीच होती! मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. तो लिहिणारा माणूस दुष्ट नाही, हे मला माहीत आहे. त्याला ते वाक्य खटकलंच नाही, याचा मला जास्त त्रास झाला.

याच चालीची एक घटना अमेरिकेत घडली आहे, आणि तिचा प्रत्येक टप्पा नोंदलेला आहे. बैठकीत ती मी तपशिलाने सांगितली. बाल्टिमोर रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रे राइस हा नामवंत खेळाडू. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने लग्न ठरलेल्या जनेय पामरला मारून बेशुद्ध पाडलं. मार्चमध्ये त्याच्यावर आरोप निश्चित झाले, दुसऱ्याच दिवशी दोघांचं लग्न झालं. मे महिन्यात क्लबने पत्रकार परिषद घेतली आणि तिला त्याच्या शेजारी बसवलं. त्या रात्रीच्या प्रकारातल्या आपल्या भागाबद्दल जनेयला मनापासून खेद वाटतो, असं क्लबने स्वतःच्या ट्विटर खात्यावरून जगाला सांगितलं. जुलैमध्ये लीगने राइसला शिक्षा दिली दोन सामन्यांची. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रीकरण बाहेर आलं. त्याच दिवशी क्लबने त्याला काढून टाकलं आणि लीगने बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये लवादाने ती बंदी उठवली, कारण एकाच कृत्याला दोनदा शिक्षा झाली होती. तरी राइस त्या लीगमध्ये पुन्हा कधी खेळला नाही.

बंदी आणि दोन सामने यांच्यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र मे महिन्यातली ती पत्रकार परिषद सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या दिवशी क्लबला खेळाडू परत हवा होता, आणि त्यासाठी लागणारं काम मार खाल्लेल्या बाईकडून करून घेतलं गेलं. आमच्या झेरॉक्सच्या कागदानेही तेच करायचं होतं. तिची माफी ही परतीची किल्ली ठरवली की ज्याला ज्याला आत यायचंय तो तिच्याच दारावर धडका मारणार. नवऱ्याने काहीच बदलायची गरज उरत नाही. तिने फक्त सही करायची. नाही केली तर 'त्याचं वाटोळं तिने केलं' हे जन्मभराचं बोलणं तिच्या माथी.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. नवऱ्याच्या छळाचा हा गुन्हा तक्रारदाराने नुसतं 'मागे घेतला' म्हटल्याने मिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या बी. एस. जोशी निकालानंतर दोघांच्या तडजोडीवर उच्च न्यायालय तो रद्द करू शकतं. आमच्याकडे त्यासाठी पर्वरीला जावं लागतं. ज्या जोडप्याला खरोखर वेगळं होऊन किंवा एकत्र राहून पुढे जायचं आहे, त्यांच्यासाठी ही वाट गरजेची आहे. पण आमच्या प्रकरणात तिच्या तडजोडीची तारीख फुटबॉलच्या नोंदणीच्या तारखेवरून ठरत होती.

बैठक

क्लबच्या खोलीत, भाजीपाव आणि चहा मागवून, बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. मी तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं की सही असो वा नसो, हा आपल्या फाइलीत येणार नाही. निर्णय आपला आहे, तो आपण त्याच्या वागण्यावर घ्यायचा. तिला विचारायचं नाही, तिच्याकडे कुणी जायचंही नाही. या एका गोष्टीवर मी हटणार नव्हते.

अध्यक्षांचा मुद्दा पोटाचा होता. "खाणी बंद झाल्या तेव्हा घरं कशी बसली ते आपण बघितलंय. पोराच्या पोटावर पाय देऊ नका. शिक्षा कोर्ट देईल." त्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. पगार बंद झाला असता तर उपाशी कोण राहिलं असतं? म्हातारे आईवडील, आणि अंतरिम आदेशाची रक्कम न मिळाल्याने ती आणि मुलगी. शिवाय गोव्याच्या समान नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. साखळी शहरात त्याच्या पगारावर बुक केलेल्या फ्लॅटचा अर्धा वाटा तिचाही होता. हप्ते थकले तर बुडणार दोघांचं.

आमचे जुने गोलरक्षक, आता साठीला आलेले, एवढा वेळ गप्प बसले होते. ते म्हणाले, "मी ह्या पोराला बोट धरून मैदानात आणलाय. पण त्याला आता जर्सी देऊ नका. कधीच नको. खाली चौदा वर्षांची पोरं त्याचे केस कापायचे ढंग उचलतात, बाकीचं उचलणार नाहीत?" खोलीत त्यांच्याइतकं सरळ कुणीच बोललं नाही.

तरी कायमच्या बंदीला मी विरोध केला, आणि तो विरोध मला आजही योग्य वाटतो. आम्ही काढून टाकलं असतं तर तो आठवड्याभरात गावोगावच्या बक्षिसांच्या स्पर्धांत, नाहीतर सीमेपलीकडे सिंधुदुर्गात किंवा कारवारला खेळायला गेला असता. तिथे त्याला कुणी काही विचारलं नसतं. शिवाय तक्रार केली की घराचा पगारच जातो, असं दिसलं तर पुढची कुठली बाई तोंड उघडेल? शिक्षा इतकी आंधळी असली की तिच्या भीतीने तक्रारच दाबली जाते.

तरुण सदस्यांनी मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू राहिलेल्या मेसन ग्रीनवुडचा दाखला काढला. तो फ्रान्समध्ये खेळतो, मग आपल्याला काय झालं? एका स्त्रीवरच्या हिंसेच्या आरोपावरून त्याच्यावर जानेवारी २०२२ मध्ये अटकेची कारवाई झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये महत्त्वाच्या साक्षीदारांनी माघार घेतल्यावर आणि नवी माहिती पुढे आल्यावर खटला मागे घेण्यात आला. मँचेस्टर युनायटेडने काही महिने स्वतःची चौकशी केली आणि त्याला संघात परत न घेण्याचं ठरवलं. पुढे तो स्पेनला गेला, तिथून फ्रान्सच्या मार्से क्लबला. त्याच्याबद्दल न्यायनिवाडा करणं माझं काम नाही. पण गोल करणाऱ्याला कुठला ना कुठला क्लब उचलतोच, एवढं यातून दिसतं. बाजार ज्याला दुसरी संधी म्हणतो ती गोलांची संख्या बघून दिली जाते. आमच्याकडे हाच प्रकार राखीव बचावपटूने केला असता तर बैठकसुद्धा झाली नसती, आणि हे मी त्या रात्री सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं.

आपल्याच देशातलं उदाहरणही कुणीतरी काढलं. मार्च २०१८ मध्ये मोहम्मद शमीवर पत्नीने घरगुती हिंसेसकट अनेक आरोप केले. त्याने ते नाकारले. क्रिकेट मंडळाने त्याचा वार्षिक करार रोखला, भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून चौकशी करून घेतली, त्यातून तो निर्दोष ठरला आणि त्याच महिन्यात करार मिळाला. चौकशी झाली ती मॅच फिक्सिंगच्या आरोपाची. घरातला आरोप खरा की खोटा, हे बघण्याची मंडळाकडे यंत्रणा दिसली नाही. ते सगळं कोर्टावर सोडलं गेलं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्टेडियम आणि क्रीडा संकुल 'कामाची जागा' म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत. खेळाडूचं स्वतःचं घर अर्थातच त्यात नाही. तिथे काही घडलं तर क्लबने काय करायचं हे क्लबने स्वतःच्या करारात लिहावं लागतं, आणि आमच्या करारात बूट हरवले तर किती रक्कम कापायची एवढं लिहिलेलं होतं.

बाहेर काय करतात याची मी टिपणं काढून नेली होती. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने ऑगस्ट २०१५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेला बरोबर घेऊन घरगुती हिंसेचं धोरण आणलं. त्यात कोर्टात गुन्हा सिद्ध होण्याची वाट बघत नाहीत. त्या धोरणाखालची पहिली शिक्षा, मार्च २०१६ मध्ये, आरोल्डिस चॅपमनला ३० सामन्यांची झाली. त्याच्यावर फौजदारी खटला भरलाच गेला नव्हता. खेळाडूसाठी उपचारांचा आराखडाही तज्ज्ञांसह एक मंडळ ठरवतं. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने २०१९ मध्ये गंभीर आरोप असलेल्या खेळाडूला निकाल लागेपर्यंत पूर्ण पगारासह बाजूला ठेवायचा नियम केला. पगार आणि मैदान या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे ऐकल्यावर आमच्या खोलीतला आवाज थोडा खाली आला.

खरी कोंडी फोडली ती आमच्या सदस्य असलेल्या वकीलबाईंनी. २००५ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये सहावं पोटकलम आहे. नवरा ठरलेली रक्कम देत नसेल तर दंडाधिकारी त्याच्या मालकाला सांगू शकतात की पगारातला अमुक भाग थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा. त्याचा मालक कोण? आम्ही. मग त्याचा पगार चालू ठेवणं आणि तिचे पैसे तिला मिळणं यासाठी तिची माफी, तिची सही, तिचं परत नांदायला जाणं, काहीच लागत नव्हतं. अध्यक्षांची पोटाची काळजी आणि माझा हट्ट, दोन्हींना एकाच जागी उत्तर मिळालं.

ठरलं ते असं. या मुदतीत त्याची नोंदणी करायची नाही. पगार चालू राहील, सराव संघापासून वेगळा. कोर्टाच्या आदेशांचं तंतोतंत पालन. मानसोपचार तज्ज्ञाकडे एकट्याने जायचं, जोडप्याचं समुपदेशन म्हणून नव्हे. कारण मारणाऱ्याच्या शेजारी बसून बाई खरं बोलत नाही. फौजदारी खटल्याचं काय होतंय हे क्लब तिला विचारणार नाही. जानेवारीच्या नोंदणीआधी कार्यकारिणी पुन्हा बसेल. आणि खेळायला मिळालं तरी कॅप्टनचा पट्टा, लहान मुलांचं प्रशिक्षण, सत्कार, प्रमुख पाहुणेपण यातलं काही नाही. खेळणं हे त्याचं काम आहे, त्यावर पोट आहे. मिरवणं हे पोटाचं काम नव्हे. गोलरक्षकांनी विरोधात मत दिलं आणि ते तसंच नोंदवून घ्यायला लावलं.

त्याचा कागद

आणखी एक अट प्रशिक्षकांनी घातली, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. काय केलं ते त्याने स्वतः लिहून कार्यकारिणीसमोर वाचायचं. पहिला कागद आला त्यात वाद होता, राग होता, घालवलेली पेनल्टी होती, सासरच्यांची ढवळाढवळही होती. त्याचा हात मात्र कुठेच नव्हता. प्रशिक्षकांनी तो परत दिला. दुसराही परत गेला. तिसऱ्यात चार वाक्यं होती. मी माझ्या बायकोला मारलं. याआधीही मारलं आहे. तिचं मनगट माझ्यामुळे मोडलं. तिच्या कानाला इजा माझ्यामुळे झाली. हे वाचताना तो खाली बघत होता आणि शेवटी त्याचा आवाज बसला. कुणी त्याच्या खांद्यावर थोपटायला उठू नये, असं मी आधीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि कुणी उठलं नाही.

हा कागद त्याच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध जाऊ शकतो, हे वकीलबाईंनी त्याला आधी स्पष्ट सांगितलं होतं. त्याच्या वकिलाने नको म्हटलं होतं. तरी त्याने लिहिला. त्याच्या बाजूने मी मांडू शकेन अशी ही पहिली गोष्ट होती.

जानेवारीनंतर

चवथीच्या दिवसांत त्याने मानसोपचार तज्ज्ञाच्या दोन भेटी चुकवल्या. घरात गणपती, पाहुणे, जमलं नाही. आम्ही त्याची परतीची तारीख दोन सामन्यांनी पुढे ढकलली. अध्यक्ष चिडले, चवथीला गोव्यात कोण इस्पितळात जातो, म्हणाले. पण गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला वेळ होता, तर त्या भेटीलाही काढता आला असता. त्यानंतर त्याने भेट चुकवली नाही.

जानेवारीत नोंदणी झाली आणि फेब्रुवारीत तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. ध्वनिक्षेपकावरून नावापलीकडे काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते पाळलं गेलं. पण गावच्या तिठ्यावर आदल्या रात्रीच फ्लेक्स लागला होता, 'वाघ परत आला', आणि खाली त्याच्याहून मोठ्या अक्षरांत शुभेच्छुकांची नावं. दुपारपर्यंत त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पेडण्यात तिच्यापर्यंत पोहोचला. फ्लेक्स क्लबचा नव्हता म्हणून आम्ही हात झटकू शकलो असतो. सरचिटणीस स्वतः गेले आणि तो उतरवून आले. लावणाऱ्या पोरांशी भांडण झालं, दोघांनी क्लबची वर्गणी बंद केली. आमच्या योजनेतली सर्वांत कच्ची जागा हीच होती. क्लबच्या चार भिंतींत सगळं नीट लिहून ठरवता आलं. पण गावाला त्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि गावाच्या लेखी तो मांडीच्या दुखापतीतून उठून आला होता. ते खोटं क्लबने पहिल्याच आठवड्यात मोडायला हवं होतं. पुढे आम्ही एक लहानसं निवेदन काढलं. दुखापतीची बातमी खरी नव्हती, खेळाडू शिस्तभंगाच्या कारवाईखाली बाहेर होता, एवढंच. तिच्याबद्दल त्यात एक शब्दही नाही.

ती अजून माहेरीच आहे. म्हापशात एका दुकानात हिशेब लिहिते. परत नांदायला जायचं की नाही हे तिने ठरवलेलं नाही, आणि ते लवकर ठरव असं तिला सांगणारं आता कुणी येत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात तिच्या पदरात पडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तो दर रविवारी मुलीला भेटतो, मामाच्या उपस्थितीत. खटला चालू आहे.

त्याला संधी दिली ते बरोबर केलं का, असं मला अजून विचारतात. गोलरक्षकांनी आजही त्याच्याशी बोलणं टाकलेलं आहे आणि मला त्यांचा राग येत नाही. मी हो म्हणते, कारण या संधीसाठी तिच्याकडून काही वसूल केलेलं नाही. तसं करता आलं नसतं तर मी नाही म्हटलं असतं, मग त्याच्या डाव्या पायावर लीग जिंकायची असली तरी.

नव्या मोसमाच्या करारात आता एक कलम आहे. घरगुती हिंसेबद्दल गुन्हा नोंद झाला किंवा कोर्टाचा संरक्षण आदेश निघाला की खेळाडू पगारासह बाजूला होईल, क्लबची समिती स्वतंत्र चौकशी करील, आणि पीडित व्यक्तीकडून कोणतंही पत्र किंवा प्रतिज्ञापत्र क्लब मागणार नाही, आणि आणून दिलं तरी स्वीकारणार नाही. शेवटचं वाक्य गाळावं असं काहींचं म्हणणं होतं, ते राहिलं. शेजारच्या दोन क्लबांनी मसुदा मागून नेला. एकाने तो परत पाठवला, त्यांची पोरं सही करणार नाहीत म्हणून.

गेल्या महिन्यात कलम २० खालचा कोर्टाचा आदेश क्लबच्या पत्त्यावर आला. त्याच्या पगारातली ठरलेली रक्कम आता दर महिन्याला थेट तिच्या खात्यात जाते, आणि कानाच्या उपचारांचा झालेला खर्चही त्यातूनच हप्त्यांनी वळता होतो. उपचारांसाठी क्लबने वर्गणी काढावी असं एकाने सुचवलं होतं. आम्ही नको म्हटलं. तो खर्च त्याचाच आहे.